फाइलीतल्या शेवटच्या ओळी

सांगलीतल्या त्या इंटरनेटच्या दुकानात संगणक एकच होता. त्यामुळे अनंतराव आपला नंबर येईपर्यंत पुढच्यांचं सगळं ऐकत होते. ऐकण्याचं काही वेगळं बिल लागत नव्हतं. खुर्चीत आष्ट्याच्या लीलाबाई होत्या आणि शेजारी दुकानदार मुकुल.

"मावशी, मस्कतहून साईराजची ईमेल आलीय. पण सोबतची फाइल मराठीत हाय, आन् तो फॉन्ट आपल्याकडं न्हाई. ह्या बघा, नुसत्या रेघा आन् फुल्या."

"दोन म्हैनं झालं, पोराचा फोन न्हाई. असू दे, वाचते मी."

"तुमाला वाचाय येतंय?"

"न्हाई रं. येत असतं तर ह्या फुल्यांत अडकले असते. ऐक. आई, मी बरा हाय. ताप उतरलाय. काकाला सांग, ऊस तोडायची घाई नगं."

"लय भारी! थांबा, शेजारच्या पत्रिका छापणाऱ्याकडनं फॉन्टची फ्लॉपी आणतो."

"आण."

"झालं बघा, बसला फॉन्ट. आई, मी बरा आहे. ताप उतरलाय. काकाला सांग... आवं मावशी!"

"व्हय."

"सगळं तेच हाय की!"

"माझंच प्वार हाय त्ये."

"खाली अजून दोन ओळी हायत. त्या न्हाई वाचल्या तुमी."

"त्या माझ्या लेकाच्या हातच्या न्हाईत."

"मावशी, ह्यात कुणाचं हस्ताक्षर नसतंय. सगळ्यांची अक्षरं सारखीच."

"मग वाच की."

"काकू, साईराजचा ताप परत चढला. आम्ही त्याला..."

"का रं थांबलास? कुणी लिहिलंय?"

"त्याच्या खोलीतल्या दोस्तानं. साईराजची फाइल अर्धीच ऱ्हायली हुती, म्हणून..."

"माझी काही घाई नाही," अनंतराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.