उशाशी कोण हवं

दवाखान्यात भेटीच्या वेळेची वाट बघत बसलेल्या शिंपिणीच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

"ताई, ती बाई औषध देत नाही, सुई टोचत नाही. मग करते तरी काय?"

"मरणाऱ्याला शेवटपर्यंत सोबत करते. आईला आवडलीय ती."

"गोड बोलणारं कुणीही आवडतं आईला! काल मला खोलीबाहेर का काढलं तिनं?"

"मलाही काढलं की. आधी आजाऱ्याशी एकटीच बोलते ती."

"काय विचारते?"

"शेवटी उशाशी कोण हवं, कोण नको."

"बघ! घरं फोडायचे धंदे!"

"हळू बोल रे."

"आईनं काय सांगितलं?"

"ते ती कुणालाच सांगत नाही."

दार उघडलं.

"चल, ऊठ."

"तू हो पुढं. मी आलेलं चालेल का, तेवढं आईला विचार."