करेक्शन केलं का?

नाही, पण मी म्हणतो, घाई कुणी केली? मीच ना? मग भोगा! भर सातपाटीच्या नाक्यावर माझा दात काढलेला फोटो आणि खाली, 'मेंदूतली बोलती तार शोधणाऱ्या आपल्या दर्पणचे हार्दिक अभिनंदन!' आणि तार? तारेचा पत्ता नाही!

तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांना लकव्याचा झटका आला, वाचा गेली. एकच शब्द उरला, 'होय.' जेवलात? होय. उपाशी आहात? होय! म्हणून तर मी पीएचडीला हा विषय घेतला. झटका आलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन काढायचे, कुठला भाग कुठल्या भागाशी जोडलाय ते बघायचं... चार हजार जोड्या! आणि एक सापडली की हो! ज्यांची वाचा परत आली, त्यांच्यात ती घट्ट. बाबांच्यातही घट्ट! मी धावत घरी, आई धावत मासळीबाजारात, 'माझ्या पोरानं तार शोधली, ह्यांची वाचा परत येनार हाय!' झालं, तिसऱ्या दिवशी फ्लेक्स!

आणि आमच्या गाईड मॅडम, थंडपणे, 'करेक्शन केलं का?'

नव्हतं केलं! अहो, चार हजार वेळा जाळं ओढलं तर एखाद्या वेळी प्लास्टिकची पिशवीपण पापलेटासारखी चमकणारच, म्हणून जितक्या वेळा ओढलं तितकी कसोटी कडक लावायची, एवढंच ते करेक्शन. लावली. एकही जोडी उरली नाही. म्हणजे तार नाही असंही नाही, आहे असंही म्हणायचं नाही... बसा बोंबलत!

आई म्हणते, 'करेक्शन म्हंजे चूकच ना? मग सुधार नि दे परत! मास्तर काय सगला पेपर फाडतात?' अगं, सुधारलं म्हणूनच तार गेली ना! शेजारचा बन्सी त्याहून हुशार, 'नको करू करेक्शन! कोन बघतंय?' बाबा बघतायत ना, बन्सी! रोज त्या फ्लेक्सकडे बघत बसतात. माझा जीव तुटतो हो. आणि बाजारात जो तो, 'काय दर्पण, करेक्शन केलं का?'

शेवटी फ्लेक्स उतरवला. आईनं अंगणात अंथरून त्यावर जवळा वाळत घातला, बरोब्बर माझ्या तोंडावर. बाबा शेजारी कावळे हाकत बसलेले. मी उकिडवा बसलो. म्हटलं, "बाबा, तो योगायोग असेल. वाचा येईलच असं आता मला म्हणता येत नाही. कळलं ना?"

"होय."

"रागावलात?"

"होय."

"माफ केलंत?"

"होय."

घ्या! इतक्यांदा विचारल्यावर एखादं 'होय' खरं असणारच की... पण कुठलं, ते सांगणारं करेक्शन काही मॅडमनी शिकवलेलं नाही!