प्रमिलाच्या हॉलमधलं जॅझ

अहो, जून महिन्यात, मस्कतमध्ये, एसी बंद! माणसं आहेत का रताळी, उकडून काढायला? आमच्या खालच्या मजल्यावरची प्रमिला, तुम्हाला सांगते, अर्धी झाली बिचारी... आणि कशापायी? तर जॅझ! तिचे देवानंदराव रुसैलला फॅक्टरीत इंजिनियर, पण जीव सगळा सॅक्सोफोनात. जुन्या जॅझवाल्यांसारखी रेकॉर्ड करायची म्हणे, सगळ्यांनी एका खोलीत बसून, कापाकापी नाही, जोडाजोडी नाही, एका दमात! आणि खोली कुणाची? प्रमिलाची! बरं, पुढं ढकला म्हणावं, तर ड्रमवाला कासम, आपला दापोलीचा हो, दुसऱ्याच दिवशी दुक्मला निघालेला, रिफायनरीच्या कामावर. परत कधी? इन्शाल्ला!

झालं! दारंखिडक्या बंद, सोफा भिंतीला उभा, लेक रचना लॅपटॉपवर रेकॉर्डिंगला. "आई, फ्रिजपण बंद कर ना, तो... तो हम् करतो!" केला बंद! प्रमिला स्वयंपाकघरात, फोडणी नाही, मिक्सर नाही, शिंकायचीसुद्धा चोरी. पहिल्यांदा वाजवलं, तर बेल! पाण्याच्या बाटल्या आल्या. दुसऱ्यांदा घामानं कासमच्या हातातली काठी सटकली ती थेट शोकेसमध्ये! तिसऱ्यांदा देवानंदरावांनाच खोकला. एका दमात म्हणे! दम उरलाय कुठे?

कासम म्हणाला, "देवाभाई, आता शेवटचं. मग खलास! माझी बॅग भरायचीय."

आणि काय वाजवलं हो! प्रमिला घाम पुसायची विसरली. देवानंदराव डोळे मिटून वर वर चढतायत, चेहरा लाल... मग जांभळा... आणि हिला राहवेना! दार ढकलून ओरडली, "अहो, श्वास घ्या! मराल!"

वाजवणं थांबलं. मग कासमला फुटलं हसू, आणि हसता हसताच त्यानं असा ठेका धरला की देवानंदरावांनी खरंच श्वास घेतला, आणि जे सुटले म्हणता, शेवटपर्यंत, एका दमात! रचना उड्या मारतेय, प्रमिला रडतेय, "माझ्यामुळं नासलं हो..." नासलं कसलं? तेच ठेवलं त्यांनी! ओरडण्यासकट!

कासम आता दुक्मच्या कॅम्पात ते सगळ्यांना ऐकवतो. परवा मंडळाच्या कार्यक्रमात लावलं, तर लोकांनी टाळ्या कशाला दिल्या? "श्वास घ्या"ला! मी म्हटलं, "प्रमिला, आर्टिस्ट झालीस गं!"

तर ती म्हणते कशी, "लग्न झाल्यापासून ओरडतेय, कुणी ढुंकून बघितलं नाही. आता लोक वन्स मोअर म्हणतात... आणि ह्यांना बूट बाहेर काढा म्हटलं, की अजून बहिरेच!"