विसाव्यामागची खिंड

ऐका. पण आधी ती कडी घाला गं कुणीतरी. त्या खिंडीचं नाव काढलं की अजून मागं वळून बघावंसं वाटतं.

घाटाच्या तोंडाशी 'विसावा लॉज' आहे ना, त्या तात्या डिग्यांची अनसूया. कॉलेजात शिकणारी. त्या दिवशी एसटीत वर्गातल्या मैत्रिणी होत्या, आणि एसटी थांबते थेट लॉजच्या दारात! आता लॉज म्हटलं की लोक कसे हसतात, तुम्हाला काय सांगायचं. घडीभरासाठी येणारी तोंडं बांधलेली जोडपी! अनूनं मैत्रिणींना सांगून ठेवलेलं, माझे वडील मास्तर. म्हणून बाई एक थांबा आधीच उतरली. दिवस बुडालेला. निघाली खिंडीतून, एकटी!

ते घर पहिल्यापासून असं नव्हतं हो. पणजाच्या काळी धर्मशाळा. कोकणातून मिठाचे बैल यायचे, तिथं टेकायचे. मग कुणा साहेबाचा शिकारीचा बंगला. मग ट्रकवाल्यांची खाट आणि जेवण. मग हे. रीत मात्र एक टिकली. कडी घालण्याआधी घरधन्यानं दिवा घेऊन दारात यायचं, अंधारात हाळी द्यायची, "कोण वाटंवर हाय? याऽऽ, जागा हाय!" वाटसरूनं आपण कुणाचे कोण ते सांगायचं, की दार उघडं. एक मीठवाला मात्र सांगायला लाजला. का, ते त्यालाच ठाऊक. सकाळी खिंडीत गारठून मेलेला सापडला. तोच आहे तिथं!

अनूनं खिंडीत पाऊल टाकलं, तसा मागून घोगरा आवाज.

"कुणाची गं तू?"

दचकली. सवयीनं बोलून गेली, "मास्तरांची."

झालं!

समोर दिवा. जवळ जाते तर धर्मशाळा! बैलांच्या घंटा, चुलीचा धूर, ओसरीवर माणसं, पण सगळी पाठमोरी. "कुणाची गं?" "मा... मास्तरांची." सगळं विझलं. पुढं दुसरा दिवा. साहेबाचा बंगला! भिंतीवर वाघाचं कातडं, आणि ते कातडं श्वास घेतंय! "कुणाची?" पुन्हा तेच. जीभ दुसरीकडं वळेच ना हो! तिसरा दिवा. लॉज, हुबेहूब. जिन्यावर तोंडं बांधलेल्या पोरी. एकेकीनं ओढणी सोडली. प्रत्येकीचं तोंड अनूचं!

"ये, मास्तरांच्या पोरी, ये."

ती मागं सरली, तर पायाखाली जमीनच नाही. दरी! करवंदीची जाळी हाताला लागली म्हणून लटकली.

तेवढ्यात खालून खरी हाळी. "कोण वाटंवर हाय? याऽऽ, जागा हाय!" तात्या! आणि तिथंच, अंगणात, मैत्रिणींचं हसू. एसटीचं चाक पंक्चर होऊन बसलेलं, म्हणून सगळ्या तिथंच अडकलेल्या.

"अगं, हा लॉजवाला कुणाला बोलावतोय? भुताला?"

ओरडावं तर सगळ्यांना कळणार. जाळी उपटत चाललेली. कानाशी गार श्वास, "सांग की, मास्तरांची..."

"तात्याऽऽ! मी अनू! तुमची, लॉजवाल्यांची अनूऽऽ!"

कानाशी कुणीतरी हुंदका दिला, आणि गेलं.

तात्या बॅटरी घेऊन धावले. मागून मैत्रिणी. वर ओढलं. तात्या तिच्या हातातले काटे काढायला लागले. "आगं, एष्टी आपल्या दारात थांबती. खिंडीतनं का आलीस, बाळ?"



मागून एकजण म्हणाली, "पण हिचे वडील तर मास्तर ना?"

तात्यांचा हात थांबला. त्यांनी लेकीकडं बघितलं. मग हळूच बॅटरी खाली केली, तिचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून.

"चला पोरींनो," म्हणाले, "जेवण गरम हाय."

तर बायांनो, त्या वाटेनं कधी जाऊ नका. भूत एकदा सोडतं. पण बॅटरी खाली करणारा तो बाप अनूला अजून दिसतो, भर उन्हातसुद्धा.