अस्वलाच्या पुस्तकातला घास

...आणि वर मलाच विचारतात, 'अहो, डोक्यावर काय हे, पीठ?' खालच्या मजल्यावरचे ते निवृत्त पोस्टमास्तर हो! अंडी संपली म्हणून तसाच खाली धावलो, तर जिन्यात गाठलं. हो, पीठ! मैदा! मी काय हौसेनं ओतून घेतलाय? कारण विचारा ना! कारण एकच... चित्रात तसंच आहे!

तुम्हाला सांगतो, हे सगळं माझ्या लेकीनं सुरू केलं. तिचं ऑफिस, जावयाची फिरतीची नोकरी, आणि साडेचार वर्षांची ही नात, जिला मी बाईसाहेब म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायची आपली टाप नाही. शाळा सुटल्यावर बाईसाहेबांचं करायचं काय? तर म्हणे पाळणाघर! मी म्हटलं, 'अगं, मी काय मेलोय?' लेक म्हणाली, 'बाबा, प्रश्न जेवणाचा आहे. ती दुपारची काही म्हणता काही खात नाही, आणि तुम्हाला चहापलीकडे काय येतं?' खरंय. हिची आजी गेल्यापासून मी बाहेरच्या डब्यावर. 'शुक्रवारी ठेवून बघते,' म्हणाली, 'नीट जेवली तर सोमवारपासून तुमच्याकडे. नाही जेवली तर पाळणाघर.'

परीक्षाच की हो! आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी, लोकांना घाम फोडला, आणि म्हातारपणी मलाच परीक्षेला बसवतात! पण खरं सांगू? मला ती पोरगी हवी होती. दिवसभर घरात एक फ्रिज तेवढा आवाज करतो, दुसरं कोणी नाही. मला ती हवीच होती. पण लेकीसमोर असं बोलणार कसं? म्हटलं, 'ठेव बापडी, मला काय!'

शुक्रवारी आल्या बाईसाहेब. एक पिशवी, एक चित्रांचं पुस्तक. लेक म्हणाली, 'बाबा, शाळेतल्या बाईंनी सांगितलंय. आधी गोष्ट वाचायची, मग गोष्टीत जे करतात तेच मुलांना घेऊन करायचं. आपल्या हातचं म्हटलं की मुलं खातात. यात अस्वल पॅनकेक करतं. सामान पिशवीत आहे. चला, मला उशीर होतोय!' आणि गेली. दार बंद. मी, बाईसाहेब आणि अस्वल.

वाचलं. छान वाचलं, आवाज-बिवाज काढून. मग एप्रन बांधला, मैदा काढला, भांड्यात ओतणार, तर हुकूम सुटला, 'थांब!' मला तू म्हणते, हं. 'डोक्यावर ओत.' म्हटलं, 'कुणाच्या?' 'तुझ्या. अस्वलाच्या डोक्यावर पडतं ना? चित्रात तसंच आहे!' आता अस्वलाचं काय जातंय हो? त्याला अंघोळ कुठे करायची असते! मी म्हटलं, 'बाईसाहेब, आपण समजू या की पडलं.' तर नुसतं बघितलं माझ्याकडे. हुबेहूब आजी! ओतला. एक वाटी मैदा, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोक्यावर!

पुढच्या पानावर अंडं घरंगळतं. म्हणजे? म्हणजे आमचंही घरंगळलं पाहिजे! ओट्यावरून सुटलं ते थेट माझ्या चपलेवर. पुढच्या पानावर पहिला पॅनकेक करपतो. इथे मात्र, तुम्हाला सांगतो, मला काही वेगळं करावं लागलं नाही. असा काही करपला की बाईसाहेब खूश! म्हणाल्या, 'बरोबर!' चला, म्हटलं, एक तरी मार्क मिळाला.

आणि मग ते पान आलं. अस्वल जमिनीवर बसून रडतं. बाईसाहेबांनी फरशीकडे बोट दाखवलं. 'रड.' मी बसलो. या गुडघ्यांनी! ऊं-ऊं-ऊं केलं. 'असं नाही. खरं.' अहो, खरं कसं रडणार? आमच्या धंद्यात रडणारी गिऱ्हाइकं, आपण नाही. पण काय झालं कोण जाणे... ओट्याच्या खाली, त्या फरशीवर, भाजी निवडायला हिची आजी बसायची ना, तिथेच बसलो होतो मी. इतकी वर्षं चहा करून पाठ फिरवून निघून जायचो, तिथे कधी बसलो नव्हतो. आणि आलं की हो डोळ्यांत पाणी! बाईसाहेबांनी ओट्यावरचं फडकं आणून दिलं, अंडं पुसलेलंच, त्याच फडक्यानं माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, 'आता पान उलटते हं. पुढच्या पानावर अस्वल हसतं.'

मग हसलो. चित्रात तसंच आहे!

तर सांगायचं काय, दुसरा पॅनकेक झाला. बशीत घेतला, केळ्याचे काप लावले. शेवटच्या पानावर अस्वलाचं पिल्लू एक घास खातं. बाईसाहेबांनी एक घास खाल्ला. खाल्ला! मी टाळ्या वाजवणारच होतो, तेवढ्यात त्यांनी पुस्तक मिटलं. 'संपलं.' 'अगं, बशीत आहे अजून!' 'गोष्ट संपली. चित्रात एकच घास आहे.' 'आणि दुसरा घास?' तर पुस्तक उलटं करून पहिलं पान उघडलं, एप्रनची गाठ सोडली आणि म्हणाल्या, 'पुन्हा बांध.'

आलं लक्षात? एका घासाला एक पुस्तक! एप्रन, मैदा, अंडं, करपवणं, रडणं, हसणं, घास! पुन्हा एप्रन, मैदा, अंडं! मी एकदा हुशारी केली, दोन पानं एकदम उलटली. 'पीठ राहिलं!' पकडलं! मध्ये लेकीचा फोन, 'बाबा, जेवली का?' मी म्हटलं, 'जेवतेय, जेवतेय!' 'अजून?' 'अगं, सावकाश जेवावं!' आणि इकडून हाक, 'आजोबा, फोन ठेव, अस्वलाकडे फोन नाहीये!' अंडी त्यातच संपली. ते पोस्टमास्तर तेव्हाचेच! पण घास मोजून नाही हो, पोट बघून सांगतो, जेवली पोरगी. चांगली जेवली.

संध्याकाळी लेक आली. भिंतीवर मैदा, छताला उलटताना उडालेला पॅनकेक, मी सोफ्यावर आडवा. पण तोऱ्यात सांगितलं, 'जेवली! मात्र पुस्तक लागतं तिला, पुस्तकाशिवाय घास उतरत नाही.' एवढ्यात लेकीनं पर्समधून आपलं उरलेलं सँडविच काढलं, आणि बाईसाहेबांनी ते तिच्या हातून घेतलं आणि उभ्या-उभ्या फस्त केलं! अख्खं! ना एप्रन, ना मैदा, ना अस्वल!

मी पुस्तक उचलून दाखवलं. म्हटलं, 'बाईसाहेब! आणि पुस्तक?' तर तोंड पुसत म्हणतात कशा, 'पुस्तक तुझ्यासाठी होतं. तुला स्वयंपाक येत नाही ना, म्हणून मी शिकवत होते.'

लेक हसून हसून खाली बसली. मला हसू येईना. माझा जीव सोमवारवर टांगलेला! हळूच विचारलं, 'मग... सोमवारी?' बाईसाहेबांनी छताला चिकटलेल्या पॅनकेककडे बघितलं, मोठा सुस्कारा सोडला आणि आईला म्हणाल्या, 'यावंच लागेल. त्याला अजून काहीच येत नाही.'

तेव्हापासून रोज येते. आणि तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका, मला पॅनकेक यायला लागलाय हो! काल सकाळी एकट्यानं केला, पुस्तक न उघडता. गोल, मऊ, लुसलुशीत. घाईघाईनं खाऊन टाकला, तवा घासून जागेवर ठेवला, खिडक्या उघडून वास घालवला. आणि दुपारी ती आली तेव्हा मुद्दाम तिला विचारलं, 'बाईसाहेब, मैदा म्हणजे यातला कोणता हो?'