अडल्यावेळचा गडी

—नाही, घरात नाही तो. सकाळीच गेला खडवलीला, नदीवर गळ टाकून बसला असेल. तुम्ही उभे का, त्र्यंबकराव? ओट्यावर बसा. पाणी विचारलं असतं, पण आम्हा किरिस्तावांच्या घरचं तुम्हाला चालायचं नाही, राहू दे. निरोप कळला मला. रविवारी गोऱ्या पलटणीशी फुटबॉलची मॅच आहे, गाठीच्या तापाला भिऊन तुमच्या रेल्वे क्लबातले दोघंतिघं कल्याण सोडून गेले, एक बिचारा तर वारलाच, अकरा माणसं पुरी होत नाहीत — म्हणून कप्तानसाहेबाला माझ्या नवऱ्याची आठवण झाली. स्वतः यायला जड गेलं, कारकुनाला पाठवलं. तुम्हाला नाही बोलत मी. तुम्ही काय, सांगितलेलं काम करायचं.

काय म्हणाला, सिडनी असला की गोलाची काळजी नाही? म्हणाला असेल. मागल्या हिवाळ्यात हाच कप्तान काय म्हणाला ते नाही सांगितलं तुम्हाला? सिडनी बूट आवळून मैदानावर उतरलेला आणि ह्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, आज तू बस, नवा फोरमन आलाय, तो खेळेल. अहो, त्या पोरांना उभं कुठं राहायचं ते सिडनीनं शिकवलेलं. नुसते चेंडूमागे कोंबड्यांसारखे धावायचे. मग कप मिळाला, फोटो काढला. त्या फोटोत सिडनी आहे? नाही. फोटोवाल्याच्या बाजूला त्याचं सामान धरून उभा होता. मी कुंपणाशी होते, मी बघितलं. आणि घरी येऊन काय म्हणतो — सुझाना, आज आपण जिंकलो. आपण! बोंबलाचं कालवण दोनदा मागून जेवला.

तुम्हाला वाटतं, विलायतेत मोठा खेळाडू होता. सगळ्यांनाच वाटतं. तो काही बोलत नाही, हसतो, म्हणून वाटतं. मोठा नव्हता हो. वाईटही नव्हता — वाईट असता तर बरं झालं असतं, गिरणीत मागावर राहिला असता सुखानं. त्याच्या मुलखात कापडगिरण्यांच्या गावागावांत क्लब, पगार देऊन खेळवतात. एकानं उचलला, एक हिवाळा खेळवला. उन्हाळ्यात खेळ बंद, तेव्हा कमिटी बसते आणि ठरवते, पुढल्या साली कुणाला ठेवायचं. ह्याला नाही ठेवला. का? काही नाही, दुसरा मिळाला. मग पेटी उचलून पुढलं गाव. तिथंही तेच. कोळशाच्या खाणींचं एक गाव, मिठाचं एक गाव — आमच्या भाइंदरला मिठागरं आहेत ना, तसं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला तिथं मीठ जमिनीतून काढतात. गावं मला पाठ झालीत, त्र्यंबकराव, ती मी बघितली नाहीत तरी. प्रत्येक गावात कुणाच्या तरी घरी भाड्याची खोली आणि उन्हाळा आला की पेटी.

एकदा मोठ्या क्लबाशी गाठ पडली. ह्याच्या क्लबाचा नेहमीचा बॅक, मागं राहून अडवणारा, आजारी, म्हणून ह्याला उभा केला. समोर त्यांचा असा गडी की वर्तमानपत्रात चित्र यायचं त्याचं. सबंध दुपार चिखलात ह्यानं त्याला हलू दिला नाही. मॅच बरोबरीत सुटली. लोकांनी खांद्यावर घेतला. पुढच्या आठवड्यात तीच मॅच पुन्हा खेळायची होती — तोवर नेहमीचा माणूस बरा झाला. बसवला ह्याला. आणि हे तो हसत सांगतो. मला म्हणतो, अगं, तो माझ्यापेक्षा चांगला होता, मी कमिटीत असतो तरी त्यालाच घेतला असता. राग मला येतो. दर वेळी ऐकते आणि दर वेळी मलाच राग येतो.

गुडघा गेला तो शेवटच्या क्लबात. पडला, मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. बदली माणूस घेता येत नाही त्या खेळात, म्हणून फडक्यानं आवळून पुन्हा आत ढकलला. ढकलला म्हणजे — विचारलं त्याला. उभा राहतोस का? तो हो म्हणाला. तो कायम हो म्हणतो. मग इकडे आला, इंजिनावर कोळसा टाकायला. घाटात तासन्‌तास त्याच गुडघ्यावर उभा. दवाखान्यातल्या डॉक्टरानं साफ सांगितलंय, पुन्हा मार बसला तर पाय वाकणार नाही. म्हणजे इंजिनावरचं काम सुटलं समजा, रेल्वेची ही खोली सुटली. ठाण्याला माझ्या बापाच्या घरात तर मला—

हळू बोला. आत्ता डोळा लागलाय त्याचा.

हो. आत आहे. रात्रपाळी करून आला. खडवली-बिडवली काही नाही.

तुम्ही भले माणूस दिसता म्हणून सांगते. मी फोरमनच्या बंगल्यावर आया होते, हा मागच्या दाराशी चहा प्यायला थांबायचा. पुढे त्याची भुसावळला बदली निघाली. पेटी घेऊनच आला सांगायला, जातो म्हणून. नेहमीसारखा हसत. माझ्या तोंडून निघून गेलं, राहा. एवढंच. तर त्यानं पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसून रडायला लागला, एवढा थोरला माणूस. मी घाबरले. मग म्हणाला, आजवर हे मला कुणी म्हटलं नव्हतं. फोरमनच्या हातापाया पडून बदली रद्द केली, आणि ठाण्याच्या आमच्या देवळात फादरनं लग्न लावलं. बाप आला नाही. गोरा आज आहे, उद्या बोटीत बसेल, म्हणाला.

बोटीची मला भीती नाही. ह्या तुमच्या निरोपाची आहे. काल विहिरीवर कुणकुण लागली, तेव्हापासून मी दारात आहे. पाय जाईल ते त्याला ठाऊक आहे, माझं काय होईल तेही ठाऊक आहे. पण कप्तान म्हणाला, तू पाहिजेस, की तो उठेल. मी राहा म्हणेन आणि तो माझ्याकडे बघून हसेल आणि जाईल. मग मला कळेल ना, माझ्या म्हणण्याला किती वजन आहे ते. मला ते कळून घ्यायचं नाही. तुम्हाला बायको आहे ना घरी?

नाही, उठवणार नाही. ओरडा हवं तर. साहेब काय म्हणेल, म्हणू दे. सांगा बायको कजाग आहे, दारातच उभी होती. सांगा—

...काही नाही रे. झोप तू. नाही, क्लबातलं कुणी नाही. घर चुकलेत कुणीतरी. हो, चाललेत.