जाळीवरची मॅट

न्यूझीलंडमधल्या रिकार्टनच्या बसस्टॉपवर कानटोपी ओढून बसलेल्या सुलभाताईंच्या कानावर शेजारच्या तरुण जोडप्याचं मराठी पडलं.

“देवव्रत, तुमच्या फॅक्टरीच्या आवारात पाणी तुंबलंच कसं?”

“अगं, डिझेल उतरवताना गटाराच्या जाळीवर रबरी मॅट टाकतात, सांडलं तर ओढ्यात जाऊ नये म्हणून. शुक्रवारी टाकली आणि काढली कुणीच नाही! वर पाऊस पडला, मग सगळं गोठलं. आज फोर्कलिफ्ट घसरली, माणूस थोडक्यात वाचला.”

“मग काढा ना मॅट.”

“कशी काढू, गार्गी? ती बर्फाखाली आहे!”

“गरम पाणी ओता.”

“ओतलं. तेही गोठलं.”

“साहेब काय म्हणतो?”

“‘शी विल बी राइट, मेट’, म्हणजे होईल सगळं ठीक. ऊन पडेल म्हणे!”

सुलभाताईंना राहवेना. मीठ टाका, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

“आणि घरी आई डोकं खातेय, मीठ टाक म्हणून! मॅट निघाली की ते खारं पाणी सरळ ओढ्यात जाणार. मासे मेले की झापणार मला!”

“मग आईंना तसं सांग की.”

“सांगितलं. म्हणाली, मग थोडंच टाक.”

सुलभाताईंनी उघडलेल्या तोंडाची घाईघाईनं जांभई केली.